महिनाभराचे व्हीगन व्रत : मांसापेक्षा दुधाचाच प्रश्न अवघड

दरवर्षी जानेवारीत जगातील काही लाख लोक महिनाभर प्राणिजन्य अन्न वर्ज्य करण्याचा संकल्प सोडतात. ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या 'व्हीगॅन्युअरी' या मोहिमेत पहिल्या वर्षी सुमारे ३,३०० जणांनी नावे नोंदविली होती. २०२२ पर्यंत हा आकडा सहा लाखांच्या पुढे गेला. भारतातील महानगरांतही या मोहिमेचे पडसाद उमटू लागले आहेत. मोहिमेचे आवाहन प्रामुख्याने मांसाहारी माणसाला आहे. आयुष्यभरासाठी नको, केवळ एकतीस दिवस करून पाहा, असे ती सांगते. पाश्चात्त्य देशांत या आवाहनाचा अर्थ सर्वप्रथम 'मांस सोडा' असा होतो. भारतात मात्र हाच प्रयोग एका निराळ्याच ठिकाणी जाऊन अडतो आणि ते ठिकाण म्हणजे सकाळचा चहा.

भारत हा शाकाहारी देश आहे, ही समजूत आकडेवारीच्या कसोटीवर टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ८३ टक्क्यांहून अधिक पुरुष आणि सुमारे ७० टक्के स्त्रिया रोज, आठवड्यातून अथवा अधूनमधून तरी मासे, मांस किंवा चिकन खातात. तथापि यातील फार मोठा वर्ग वर्षातील ठराविक काळ मांसाहार आपणहून बंद ठेवतो. महाराष्ट्रात गटारी आटोपली की श्रावणभर अनेक घरांतील मटणाचे पातेले माळ्यावर जाते. ओडिशात कार्तिक महिना पाळला जातो, शबरीमलैच्या यात्रेकरूंचे व्रत ४१ दिवसांचे असते. मुदतीचा संयम ही आपल्याकडे परदेशातून आलेली कल्पना नव्हे. हाडाचा मांसाहारी मनुष्यसुद्धा तो फारशी कुरकुर न करता पाळतो, कारण त्याचा शेवटचा दिवस दिनदर्शिकेत छापलेला असतो.

परंतु श्रावणातील पान डोळ्यांसमोर आणून पाहावे. वरणावर तूप, पुरणपोळीबरोबर दूध, उपवासाला दही, नैवेद्याला पंचामृत. मांस गेले की त्याची जागा दूधच भरून काढते. व्हीगन आहारात हा आधारही राहत नाही. मांस, मासे, अंडी यांबरोबर दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मधही वर्ज्य. आपल्या परंपरांत याच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाजाचे म्हणावे लागेल. नाताळपूर्वीचे २५ दिवस आणि ईस्टरपूर्वीचे ५० दिवस यांच्या कडक उपवासात मांस, मासे व अंडी यांच्या जोडीने दूधही टाळण्याची रीत त्यांच्यात चालत आलेली आहे.

हिरव्या ठिपक्यातील अपवाद

स्वयंपाकघराच्या दृष्टीने पाहता मांसाहारी माणसाची पंचाईत वाटते तेवढी मोठी नाही. कोकणातल्या घरांत मासे नसलेल्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी होतेच. वाटप तेच, मसाला तोच. बिरड्याची उसळ, पिठले-भाकरी, झुणका, ठेचा, फणसाची भाजी, नारळाच्या दुधातली सोलकढी, हे सारे पदार्थ मुळातच व्हीगन आहेत. बंगालमध्ये कच्च्या फणसाला 'गाछ पाँठा', म्हणजे झाडावरचा बोकड, असेच म्हणतात. मटणाची ओढ ही पुष्कळदा भाजलेल्या खोबऱ्याची, कांद्याची आणि गरम मसाल्याचीही ओढ असते आणि तेवढी तरी भागविता येते. दुधाच्या चहाला मात्र असा पर्याय नाही. सोयाबीनचे किंवा ओटचे पेय घालून केलेला चहा ज्याने घेतला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

दूध दिसते तेथेच असते असेही नाही. बिस्किटात दुधाची भुकटी, नानाच्या पिठात दही, खानावळीच्या डाळीवर तुपाची फोडणी, पावभाजीवर लोणी. पाकिटावरील हिरवा ठिपका येथे उपयोगी पडत नाही आणि त्यामागे कायद्याची व्याख्या आहे. भारतीय अन्नकायद्यानुसार प्राणिजन्य पदार्थ असलेले अन्न मांसाहारी ठरते. पण त्याच व्याख्येत दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि मध यांना अपवाद केलेले आहे. म्हणजे दूध प्राणिजन्य नाही असे कायदा म्हणत नाही, ते प्राणिजन्य असूनही शाकाहारी समजावे एवढेच तो सांगतो. व्हीगन ग्राहकांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाला २०२२ मध्ये स्वतंत्र नियम करून इंग्रजी 'व्ही' अक्षराचे वेगळे चिन्ह द्यावे लागले ते यामुळेच. त्याच्या आदल्याच वर्षी या प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या विक्रीत 'दूध' हा शब्द वापरण्यास हरकत घेतली होती. नारळाच्या दुधाला मात्र रूढ नाव म्हणून सूट राहिली.

महिन्यात काय बदलते, काय नाही

आरोग्याच्या बाबतीत एका महिन्याकडून किती अपेक्षा ठेवावी? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या नेतृत्वाखाली झालेला प्रयोग येथे उपयोगी आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्यांतील एकाला आठ आठवडे व्हीगन आणि दुसऱ्याला मिश्र आहार देण्यात आला. दोन्ही आहार पौष्टिकच होते. व्हीगन गटातील घातक समजल्या जाणाऱ्या एलडीएल कोलेस्टेरॉलचे प्रमाण दर डेसिलिटरमागे सरासरी १५ मिलिग्रॅमने उतरले, मिश्र आहाराच्या गटात ते सुमारे दोननेच उतरले. वजन आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन यांतही व्हीगन गटाची सरशी झाली. परंतु या गटाने उष्मांकही कमी घेतले होते आणि आपल्या जेवणाबद्दल त्याचे समाधान तुलनेने कमी होते, हीदेखील त्याच अहवालातील नोंद आहे. जाहिरातींतून ती सहसा गाळली जाते.

ब-१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट याच्या उलट आहे. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही; मात्र निरोगी शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असू शकतो. त्यामुळे महिनाभराच्या प्रयोगात कमतरतेची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. पण 'मी महिनाभर केले, मला काही झाले नाही' एवढ्यावरून कायमचा निर्णय घेणेही चुकीचे ठरते. भारतात हा साठा मुळात किती भरलेला असतो, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ चे प्रमाण कमी आढळले होते; शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. शाकाहारी कुटुंबातील जी व्यक्ती दुधाच्या आधाराने कशीबशी काठावर उभी आहे, तिने दूध सोडणे हे मांसाहारी मित्राने महिनाभर मटण सोडण्यापेक्षा अधिक जोखमीचे आहे. प्रयोग लांबवायचा असेल तर ब-१२ ची गोळी अपरिहार्य समजावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून यात पडूच नये.

प्रथिनांचा हिशेबही ताटात मांडून पाहावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. वाटीभर पातळ वरणात तीसेक ग्रॅम डाळ असते आणि तीतून जेमतेम सात ग्रॅम मिळतात. मांसाहारी मनुष्य ताटातील मटण काढून भाताचा ढीग वाढवितो आणि चार दिवसांत अशक्तपणाची तक्रार करतो, याचे मर्म या हिशेबात आहे. उसळी, शेंगदाणे, सोयाबीन यांना ताटात तोंडी लावण्यापुरते नव्हे, तर मुख्य स्थान द्यावे लागते.

एकाच साखळीची दोन टोके

या प्रयोगाचा सर्वांत अडचणीचा भाग मात्र ताटाबाहेर आहे. भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये येथे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघाले. गाय किंवा म्हैस विते तेव्हाच दूध देते आणि निम्म्या वेळा नर जन्मतो. २०१९ च्या पशुगणनेत एकूण १९.२५ कोटी गोवंशापैकी १४.५१ कोटी गाई होत्या, म्हणजे तीन गाईंमागे एकच नर. १०.९८ कोटी म्हशी-रेड्यांपैकी माद्याच दहा कोटींहून अधिक होत्या. उरलेले नर कोठे गेले, याचे उत्तर उघड आहे. काही उपासमारीने मेले, काही सोडून दिले गेले, काही कत्तलखान्यात पोचले. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे काम गेले. त्याच गणनेत मोकाट गुरांची संख्या पन्नास लाखांवर भरली. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे आणि आटलेल्या म्हशीला मिळणारी किंमत दूध उत्पादकाच्या हिशेबात धरलेली असते. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे नाहीत. मांसाहारी माणूस हे निदान नाकारत तरी नाही. तुपातला साजूक शाकाहार मात्र त्याकडे पाहण्याचे टाळतो.

महात्मा गांधींनी हा पेच ओळखला होता. तरुणपणी त्यांनी लपूनछपून मांस खाऊन पाहिले होते; पुढे १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूधच सोडले. गाई-म्हशींवर होणारे अत्याचार हे त्यामागचे एक कारण. गंभीर आजारानंतर १९१९ मध्ये कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि व्रताचे शब्द पाळले, पण आत्मा पाळला नाही, ही खंत आत्मकथेत नोंदविली. दुधाचे 'शाकाहारीपण' आजही सरकारला सांभाळावे लागते. अमेरिकेबरोबरच्या २०२५ मधील व्यापार वाटाघाटींत, ज्या गाईंच्या खाद्यात प्राण्यांचे रक्त वा अवयव मिसळले जातात त्यांचे दूध येथे नको, ही भारताची भूमिका चर्चेचा विषय झाली होती.

आहाराच्या प्रयोगात स्वेच्छा हा कळीचा मुद्दा आहे, कारण आपल्याकडे वर्ज्य करण्याचे आदेशही वरचेवर निघतात. २०१५ मध्ये पर्युषण काळातील मुंबईतील मांसविक्रीबंदीला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मांसाची दुकाने बंद ठेवण्यास सांगितले, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीच त्यास आक्षेप घेतला. त्याच वर्षीच्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी थांबविला. पगारदार माणसाने महिनाभर अंडे न खाणे आणि शाळेतल्या मुलाच्या ताटातून ते काढून घेतले जाणे, या दोहोंना एका मापाने मोजता येत नाही. व्हीगन प्रचारकांपैकी फार थोडे हा भेद स्पष्ट शब्दांत मांडतात आणि त्यामुळे त्यांचा रास्त मुद्दाही इथल्या मांसाहारी समाजाला संशयास्पद वाटतो.

दुग्ध उत्पादकांची भीती मात्र तूर्त अनाठायी म्हणावी लागेल. वनस्पतिजन्य पेयांवरील वस्तू व सेवा कर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तरी ही पेये साध्या दुधापेक्षा पुष्कळच महाग आहेत आणि तालुक्याच्या गावी ती मिळणे कठीण. दुधाचे भाव पडल्यामुळे महाराष्ट्र सरकारला २०२४ च्या जानेवारीत लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले होते. त्या वेळी भाव पाडणारी गोष्ट होती ती भुकटीच्या आंतरराष्ट्रीय दरातील घसरण आणि तिचे साचलेले साठे. अहिल्यानगर किंवा सांगली जिल्ह्यातील चार गाईंचा धनी डेअरीच्या काट्यावर रोज सकाळी फॅट आणि एसएनएफचे आकडे पाहतो. शहरातील काही हजार लोकांनी जानेवारीभर काळा चहा घेतल्याने त्या आकड्यांत काही फरक पडत नाही.