सॅक लहान, ओझे मोठे

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातून सकाळी निघावे, असीरगड पाहावा आणि दिवेलागणीला शहरात परत यावे, असा हा एका दिवसाचा बेत. शहरापासून उत्तरेला साधारण २० किलोमीटर, भोवतालच्या सपाटीपासून अडीचशे मीटर उंची. दोर नाही, कातळ नाही. चढ सोपा म्हणून अशा मोहिमांच्या सूचनापत्रकात सॅकबद्दल एकच ओळ असते : ‘२० लिटरची सॅक आणावी.’ या मासिकाचे बहुतेक वाचक स्वतः मोहिमा नेतात आणि ही ओळ त्यांच्यापैकी अनेकांनी लिहिलेली आहे. ती अपुरी आहे.

लिटरवरून सॅकमध्ये काय मावेल ते कळते. पाठ काय पेलेल ते कळत नाही. युरोपातल्या डोंगरात दिवसभर चालणाऱ्याच्या पिशवीत लोकरी जाकीट, वाऱ्याचे जाकीट, हातमोजे असतात. फुगीर सामान, पण हलके. तापीच्या खोऱ्यात नेमके उलटे घडते. उन्हाळा तोंडावर आला की एका माणसाला चार लिटर पाणी धरावे लागते, आणि चार लिटर म्हणजे चार किलो. त्यात डबा, टोपी, विजेरी, औषधे, एक जादा सदरा आणि सॅकचे स्वतःचे वजन मिळवले की ओझे सहा-साडेसहा किलोंवर जाते. जागा मात्र जेमतेम १२ लिटरची व्यापते. थोडक्यात, आपल्याकडची एकदिवसीय सॅक आकाराने छोटी आणि वजनाने भारी असते. दुकानात चित्र वेगळे दिसते. छोटी सॅक म्हणजे हलके ओझे असे गृहीत धरून तिला पातळ खांदेपट्टे आणि नावापुरता कमरपट्टा लावलेला असतो.

हा कमरपट्टा नीट पाहावा. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची नुसती पट्टी असेल तर तिचा उपयोग सॅक डोलू नये एवढाच. वजन खांद्यावरून कमरेच्या हाडावर उतरवायचे तर पट्टा रुंद हवा, त्यात फोम हवा आणि पाठीच्या बाजूला थोडा ताठ पत्रा किंवा काडी हवी. नाहीतर सॅक मधेच वाकते आणि ओझे पुन्हा खांद्यावर येते. सहा किलो वाहणाऱ्या छोट्या सॅकला हे सगळे लागते, हे विक्रेत्याला पटवणे कठीण. तो ४० लिटरची सॅक दाखवू लागतो.

पट्टा कमरेवर बसण्यासाठी पाठीची लांबी जुळावी लागते. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जे ठळक हाड हाताला लागते, तिथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेपने मोजायचे. माणसाच्या उंचीवरून हा अंदाज बांधू नये; सारख्या उंचीच्या दोघांची पाठ वेगळी भरते. पाठ आखूड असेल तर सरसकट मापाच्या सॅकचा कमरपट्टा नितंबांवर घसरतो. हे स्त्रियांच्या बाबतीत जास्त घडते, आणि त्या बिचाऱ्या दिवसभर पट्टे आवळत-सोडत चालतात. आखूड पाठीच्या, खांदेपट्ट्याला वेगळे वळण असलेल्या सॅक आता मिळतात. मागायला हव्यात, इतकेच. दुकानात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून जिना चढून-उतरून पाहायलाही लाजू नये.

पाठीला हवा लागावी म्हणून ताणलेली जाळी असलेली रचना जर्मनीच्या डॉयटर कंपनीने १९८४ मध्ये आणली. आता ती स्वस्त सॅकमध्येही दिसते. जाळीमुळे ओझे पाठीपासून थोडे दूर जाते आणि आतली जागाही कमी होते. कातळ चढताना ते जाणवते, तिथे ही सॅक टाळावी. असीरगडाच्या पायऱ्यांवर आणि सातपुड्याच्या वाटांवर मात्र घामाचा विचार आधी करावा.

नळीने पाणी ओढायच्या पिशवीचा जन्म उन्हातलाच. १९८९ मध्ये टेक्ससमधल्या भर उन्हाळ्यातल्या सायकल शर्यतीसाठी मायकेल आयडसन यांनी सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीला लावली. त्यातून कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. एकट्याने चालणाऱ्यासाठी सोय उत्तम आहे. पण तुकडी नेणाऱ्याची अडचण वेगळी : बाटलीत किती पाणी उरले ते मागून चालतानाही दिसते, पिशवीतले ती रिकामी होईपर्यंत कळत नाही. नवख्यांच्या तुकडीत म्हणून बाटल्याच बऱ्या. सॅकच्या बाजूचे खिसे खोल आणि घट्ट असावेत, बाटली सॅक न उतरवता काढता यावी. काढायला त्रास झाला की माणूस पाणी पिणे पुढे ढकलतो.

बुऱ्हाणपूरने शहरापुरता पाण्याचा प्रश्न १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्यात जमिनीखालून उताराने पाणी आणून सोडवला होता. गडावर जाणाऱ्याला ते पाठीवरूनच न्यावे लागते. वरचे तलाव पिण्यासाठी धरू नयेत. ९ एप्रिल १८१९ रोजी शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड यांनी असीरगड इंग्रजांच्या हवाली केला. एखाद्या इतिहासप्रेमीला ती तारीख साधून वर जायचे असेल, तर इथला एप्रिल त्याने आधी लिटरमध्ये मोजावा.

कापडाबद्दल यंत्रमागांच्या या शहरात वेगळे सांगायला नको, तरी ‘डेनियर’च्या आकड्याने भलेभले फसतात. ९००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. तो जाडी सांगतो, ताकद नव्हे. ४२० चे चांगले नायलॉन ६०० च्या पॉलिस्टरला सहज मागे टाकू शकते. उन्हात मात्र पॉलिस्टर जास्त टिकते. फाटते ते बहुधा कापड नव्हेच. खांदेपट्टा सॅकला जोडलेला असतो तिथली शिवण उसवते किंवा चेनचा रनर दात सोडतो. विकत घेताना सॅक उलटी करून आतली शिवण पाहावी आणि रनर दहा वेळा मागे-पुढे करावा. रनर बदलून देणारा कारागीर गावागावात असतो. आतला लेप सुटून चिकट झालेल्या सॅकचे मात्र तो काही करू शकत नाही. ओली सॅक माळ्यावर कोंबून ठेवली की हेच होते.

पावसाळी मोहिमांसाठी रेनकव्हरवर विसंबू नये. ते बाहेरची बाजू झाकते. पाणी मानेवरून पाठ आणि सॅक यांच्या फटीत उतरते, आणि करवंदीच्या जाळीत कव्हर फाटते. जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आत घालून तिचे तोंड पिळून बांधणे जास्त खात्रीचे.

तेव्हा पुढच्या सूचनापत्रकात लिटरच्या जोडीला पाण्याचे वजन आणि रुंद कमरपट्टा ही दोन्ही लिहावीत. निघण्याआधी म्होरक्याने प्रत्येकाची सॅक एकदा स्वतः उचलून पाहावी, कमरपट्टा हाडावर बसवून द्यावा आणि मगच खांदेपट्टे ओढायला सांगावे. बरेच जण हा क्रम उलटा करतात. छातीपट्ट्याच्या बकलमध्ये अनेकदा शिट्टी असते. ती आहे हेही बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून तिथेच एकदा वाजवून घ्यावी. पंधरा जणांच्या तुकडीला या सगळ्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. गाडी सुटायची वेळ तेवढी आधी सांगावी.