हजेरीचा फोटो आणि गावाची साक्ष

इचोडा मंडलातील एखाद्या गुड्यात रोजगार हमीचे काम निघाले, की मजुरांना दिवसातून दोनदा मोबाईलसमोर उभे राहावे लागते. वेळ आणि ठिकाण यांच्या नोंदीसह त्यांचे छायाचित्र ‘एनएमएमएस’ ॲपवर अपलोड करणे १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व सार्वजनिक कामांवर सक्तीचे झाले. छायाचित्र नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर मजुरी नाही.

कॅमेरा खोटे बोलत नाही, या समजुतीवर हा नियम उभा आहे. ती समजूत रिळाच्या काळातील. आजचा फोन एका स्पर्शात अनेक चित्रे टिपून ती एकमेकांवर बसवतो, अंधार उजळतो, चेहरा नितळ करतो. गुगलची २०१८ मधील ‘नाइट साइट’ याच आकडेमोडीवर चालते. मार्च २०२३ मध्ये तर पडद्यावरील मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचे छायाचित्र घेताना सॅमसंगच्या फोनने त्यावर नसलेले तपशील भरल्याचे उघड झाले.

हजेरीतील लबाडीला मात्र एवढ्या गणिताचीही गरज पडली नाही. कामाशी संबंध नसलेली चित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच छायाचित्र काढून अपलोड केले जाते, हे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ च्या परिपत्रकात स्वतःच मान्य केले. वेळ खरी, जागाही खरी. माणसे तेवढी कागदावरची! त्यावर उपाय म्हणून ग्रामपंचायतींना छायाचित्रे तपासण्यास सांगण्यात आले. माणसाच्या नजरेवर भरवसा नव्हता म्हणून यंत्र आणले, आणि यंत्रावर पहारा ठेवण्यास पुन्हा माणूसच बसवला. यात भरडला जातो तो खरोखर राबणारा. रेंज नसलेल्या रानात दुसरे छायाचित्र राहून गेले, तर त्याने उपसलेली माती कोण मोजणार?

आदिलाबाद हा २००६ मध्ये ही योजना लागू झालेल्या पहिल्या २०० जिल्ह्यांपैकी एक. सामाजिक लेखापरीक्षणाची पद्धत देशात सर्वप्रथम भक्कमपणे रुजवली तीही अविभाजित आंध्र प्रदेशानेच. मस्टर गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे नाव त्यालाच विचारायचे, अशी ती साधी रीत. मयताच्या नावे लागलेली हजेरी तिथे शेजारणीच्या एका वाक्याने उघडी पडते. गोंडी, मराठी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात ते वाचन लोकांना समजेल अशा भाषेत व्हायला हवे. ॲप हवे तर राहू द्यावे. पण छायाचित्र अपलोड झाले नाही म्हणून मजुरी रोखण्याआधी गावाची साक्ष ग्राह्य धरण्याची तरतूद राज्याने आग्रहाने मागितली पाहिजे.