मुलगी म्हणते, ‘हॉटेल मॅनेजमेंट!’



बारावीचे पेपर संपले, की घरोघरी एकच विषय असतो : पुढे काय? अशात एखाद्या दिवशी जेवता जेवता मुलगी सांगते, “आई, मला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय.” आपला घास हातातच राहतो. “एवढं शिकून लोकांची ताटं उचलणार?” हे सासूबाई तरी म्हणतात, नाहीतर आपण तरी. मुलानं म्हटलं तर, “म्हणजे आचारी होणार?”

गंमत पाहा हं. दारी आलेल्या पाहुण्याला आग्रहानं वाढलं, की ते पुण्याचं काम. तेच पगार घेऊन केलं, की हलकं! मुंबईत दादरला या विषयाचं जे नावाजलेलं कॉलेज आहे ना, ते १९५४ साली बायकांच्याच एका संस्थेनं सुरू केलं, लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं. त्या बायकांना काही या कामाची लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

काळजी करायचीच, तर दुसऱ्या गोष्टीची करा. स्कॉटलंडमधल्या दोन अभ्यासकांनी १९९३ साली या शाखेच्या विद्यार्थ्यांना त्यांची मतं विचारली. नवी मुलं उत्साहानं बोलली; पण हॉटेलात प्रत्यक्ष काम करून आलेल्यांचा उत्साह बराच ओसरला होता. २००० साली तुर्कस्तानातल्या पाहणीतही मुलांच्या तक्रारी निघाल्या : ताण, लांबलचक ड्यूटी, घरच्यांसाठी वेळ नाही, पगार तुटपुंजा, बढतीत अन्याय.

आपल्याकडची मुलंही टीव्हीवरचा शेफ, त्याची पांढरी टोपी आणि हॉटेलचं चकचकीत दार पाहूनच भुलतात. दाराआडचं काम त्यांना दिसत नाही. या शिक्षणात स्वयंपाकघर, वाढप, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस असे चार विभाग शिकावे लागतात. म्हणजे चादरी बदलणं आलं, न्हाणीघर घासणं आलं, तासन् तास उभं राहणं आलं. आपल्या घरी दिवाळी, तेव्हा तिच्या हॉटेलात गर्दी!

तेव्हा प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एवढं नक्की करा :

एक : सुटीत ओळखीच्या केटररकडे पंधरा दिवस कामाला पाठवा. पाय दुखले, तरी दुसऱ्या दिवशी उत्साहानं निघते का, ते पाहा.

दोन : कॉलेजचं माहितीपत्रक वाचाच, पण हॉटेलातलं ट्रेनिंग करून परतलेल्या मुलामुलींना गाठा. तीन-चार वर्षांपूर्वी पास झालेली मुलं आज कुठं आहेत, हातात पगार किती पडतो, हे विचारा आणि तो आकडा फीशेजारी मांडून पाहा.

तीन : मुलीच्या रात्रपाळीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात २०१७ चा कायदा लागू असलेल्या ठिकाणी रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीनंच कामावर ठेवता येतं. तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची. शिवाय २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवीच, आणि शिकाऊ मुलीलाही तिथं दाद मागता येते. समितीवर कोण आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायला तिला सांगा. त्यात संकोच कसला?

चार : पुढे हॉटेल नाहीच आवडलं, तरी शिकलेलं फुकट जात नाही. इस्पितळं, विमान कंपन्या, कारखान्यांची कँटीन, स्वतःचा केटरिंगचा व्यवसाय, कितीतरी ठिकाणी ते उपयोगी पडतं.

आणि घरच्या घरी एक परीक्षा घ्या, बिनखर्चाची! येत्या रविवारी दहा पाहुण्यांचं जेवण लेकीवर सोपवा, किंवा लेकावर. भाजी आणण्यापासून ओटा पुसेपर्यंत सगळं. तुम्ही मात्र मध्ये पडायचं नाही बरं का! जेवण चांगलं झालं, की कौतुक सगळेच करतात. पण शेवटचं पातेलं घासून झाल्यावरही मूल हसत विचारत असेल, “आई, पुढच्या रविवारी कोण येणार?” तर खुशाल फॉर्म आणा.