आधी पाणी, मग गट्टू

अंगणात गट्टू बसवले की घराची शोभा वाढते, चिखल संपतो, हे कबूल. पण आमच्या घाटंजीकडे गट्टू थेट भिंतीला भिडवून बसवतात, ते मला बिलकुल पटत नाही.

का, ते सांगतो. जुन्या कोब्यावर 40 मिमी चुरी आणि 60 मिमीचा गट्टू टाकला की अंगण चार इंच वर आलंच. जोत्यातला ओल अडवणारा थर, म्हणजे आपली डीपीसी, अंगणापासून निदान 150 मिमी वर हवी. हे अंतर संपलं की पाणी डीपीसीला बगल देऊन भिंतीत शिरतं. दिवाळीला दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे होऊन गळतो.

त्यात आपली माती काळी. कापसाला चांगली, पायाला वैरीण. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट पाण्याने फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. भिंतीच्या एकाच बाजूला पाणी मुरत राहिलं तर पाया कमीजास्त उचलला जातो आणि भिंतीला तिरपे तडे जातात.

आता हिशेब करा. 10 मीटर लांब, 3 मीटर रुंद अंगणावर 50 मिमी पाऊस पडला तर 1500 लिटर पाणी होतं. स्लॅबचं वेगळंच. ते जाणार कुठे?

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे भिंतीपासून बाहेर उतार: 50 ला 1, म्हणजे तीन मीटरला 60 मिमी. समोर कंपाउंड आडवं येत असेल तर त्याच्या कडेने जाळीची नाली काढून बाहेरच्या नालीला जोडावी. उतार घराकडेच असेल आणि बदलता येत नसेल, तर भिंतीलगत पक्की, न गळणारी नाली हवी. तिथे नुसती गिट्टी भरून भागत नाही. खालून पाणी बाहेर नेणारा पाईप नसेल तर आपणच पायाला पाणी पाजतो. शोषखड्डाही भिंतीपासून दूरच बरा. काळी माती पाणी फार हळू पिते.

मिस्त्रीला दोष देऊन काय होणार? आपण त्याला रंग सांगतो, चौरस फुटाचा भाव पाडून मागतो, पाण्याचं विचारतच नाही. तेव्हा हॉस्टेलवासीयांनो, सुट्टीत घरी हे काम निघालं तर गट्टूचा रंग निवडण्याआधी लेव्हलची नळी लावायला सांगा. पाणी उताराकडे वाहतं, हे कळायला सिव्हिललाच अ‍ॅडमिशन घ्यावी लागत नाही.