घराला कुलूप की घरच्यांना?

"हात लावू नकोस गं त्याला, मी आहे ना."

मंडळी, हे वाक्य मी माझ्या आईला किमान पन्नास वेळा म्हटलंय. 'त्याला' म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या घरात पुढच्या दाराशेजारी भिंतीवर बसवलेला अलार्मचा कीपॅड. बारा-पंधरा बटणं, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि बोटभर उंचीचा पडदा. आज मला या वाक्याविरुद्ध लिहायचं आहे, म्हणजे खरं तर स्वतःविरुद्धच. पण एकटीनेच का मार खायचा? इथे ओळखीतल्या ज्या ज्या घरी आई-वडील येऊन राहिलेत, त्यातल्या बहुतेक घरांत मी हेच वाक्य ऐकलंय. तेव्हा तुम्हालाही सोबत घेते.

तर झालं असं. २०२३ च्या जूनमध्ये आई सांगलीहून आली. आम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी साडेपाचला परत. निघताना मी कीपॅडवर चार आकडे दाबून 'स्टे' लावायचे. ज्यांच्याकडे ही भानगड नाही त्यांच्यासाठी सांगते: 'स्टे' म्हणजे माणसं घरात आहेत, फक्त दारं-खिडक्यांवर पहारा. 'अवे' म्हणजे घर रिकामं, आतली हालचाल टिपणारे सेन्सरही चालू. आई घरात, म्हणून स्टे. केवढा विचार केला ना मी! वर सूचना: "बेल वाजली तरी दार उघडू नकोस. काही लागलं तर फोन कर."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि डेकवर ठेवलेली तुळशीची कुंडी आडवी झाली. आईने काचेतून बघितलं आणि साहजिकच सरकतं दार उघडलं. कीपॅड टूं टूं करायला लागला. तीस सेकंदांची मुदत असते, तेवढ्यात कोड दाबला की प्रकरण संपतं. पण आईला कोड माहीतच नव्हता. तिने घाईने दार लावून घेतलं. टूं टूं थांबेना. मग दिसेल ते बटण दाबून बघितलं. मग सायरन.

कंपनीच्या कंट्रोल रूममधून मला फोन आला, मी मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. नवऱ्याला केला, त्याची ट्रेन हडसनखालच्या बोगद्यात. दोन फोन झाले, कुणी उचलले नाहीत, पोलीस पाठवले गेले. पोलीस भले होते. घर बघितलं, दोन शब्द बोलले आणि गेले. मी धावत घरी पोचले तेव्हा आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. मांडीवर पासपोर्ट आणि परतीचं तिकीट.

आणि मी काय म्हटलं असेल? "तुला सांगितलं होतं ना!"

ती काही बोलली नाही. पण त्यानंतर ती मागच्या दाराकडे फिरकली नाही. तुळशीला पाणी संध्याकाळी, आम्ही आल्यावर. "दिवसा काय करतेस गं?" विचारलं तर म्हणाली, "मी आपली काचेतून बघते." पंधरा दिवस हे चाललं आणि मला, लाज वाटते सांगायला, ते सोयीचंच वाटलं. अलार्म वाजत नव्हता ना!

एकदा रात्री जेवताना तिला विचारलं, त्या दिवशी एवढा कानठळ्या बसवणारा आवाज चालू होता, तर बाहेर अंगणात का नाही जाऊन थांबलीस? म्हणाली, "मला वाटलं, आणखी एक दार उघडलं तर आणखी जोरात वाजेल. आणि पोलिसांनी बाहेर पळताना बघितलं तर म्हणतील, हीच चोर."

घास घशात अडकला. कारण आमच्याकडे, इथल्या अनेक घरांसारखे, धुराचे सेन्सरही याच यंत्रणेला जोडलेले आहेत. उद्या आगीचा अलार्म वाजला असता तर माझी आई दार उघडायच्या भीतीने आत बसून राहिली असती, मांडीवर पासपोर्ट घेऊन. हे मी तिला शिकवलं होतं. चोरापासून वाचवण्याच्या नादात मी तिला दाराची भीती घातली होती.

आता तुम्ही म्हणाल, अहो पण चोऱ्या होतात. होतात ना! भारतीयांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांनाही माहीत झालंय, अशी घरं हेरून लुटणाऱ्या टोळ्यांना शिक्षाही झाल्या आहेत. मी अलार्मच्या विरुद्ध नाही. माझं भांडण आहे ते एकाच माणसाला चालवता येणाऱ्या अलार्मशी.

जरा विचार करा, हे यंत्र नेमकं काय जाणतं? १८५३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिलच्या ऑगस्टस पोपने विजेवर चालणाऱ्या घरफोडीच्या घंटेचं पेटंट घेतलं. दार किंवा खिडकी उघडली की सर्किट पुरं व्हायचं आणि घंटा वाजायची. आजही साध्या अलार्मचा मूळ हिशोब तोच आहे. दार उघडलं, एवढंच त्याला कळतं. ते चोराने उघडलं की आईने, हे त्याला कळत नाही. "हा आपला माणूस आहे" हे त्या यंत्राला सांगायची घरातली जागा म्हणजे कीपॅड आणि सांगायची भाषा म्हणजे ते चार आकडे. ज्याला आकडे दिले नाहीत तो यंत्राच्या लेखी परका. मग मला सांगा, सहा-सहा महिने आपल्या घरात राहणाऱ्या आईला परकं कुणी ठरवलं? यंत्राने की आपण?

यावर आमच्या मित्रमंडळींची ठरलेली उत्तरं आहेत. एकेक घेऊ.

पहिलं: "मोबाईलवर अ‍ॅप आहे की, ऑफिसातून काढून देतो." छान! म्हणजे आईने अंगणात जायच्या आधी फोन करायचा, तुम्ही मीटिंगमधून बाहेर यायचं आणि दार मोकळं करून द्यायचं. याला मराठीत परवानगी म्हणतात. ज्या बाईने तुम्हाला दार उघडून खेळायला सोडलं, तिने आता तुमची परवानगी काढायची?

दुसरं: "त्या विसरतील, उघडं ठेवतील, कोड कुणाला सांगून बसतील." त्यासाठीच तर प्रत्येकाला वेगळा कोड देता येतो! मुख्य कोड आपल्याकडे ठेवायचा, आईचा वेगळा. कुणी कधी लावला, कधी काढला याची नोंद बहुतेक यंत्रणा ठेवतात. नको तेव्हा तेवढाच कोड काढून टाकता येतो. आणि दुपारी सायरन नकोच असेल तर 'चाइम' ठेवा. दार उघडलं की टिंग होतं, बास.

तिसरं: "उगीच खोटे अलार्म वाजतील." अहो, खोटे अलार्म न शिकवल्यामुळे वाजतात! अमेरिकेत पोलिसांकडे येणाऱ्या घरफोडीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खोटे निघतात आणि त्याचं एक मोठं कारण घरातल्या माणसांच्याच चुका. लांडगा आला रे आला. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांनी तर २००० सालीच ठरवलं, की कुणीतरी जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय नुसत्या घरफोडीच्या अलार्मसाठी यायचं नाही. आमच्या टाउनशिपचंही पत्र आलं: पहिली वेळ म्हणून माफ, पुढे दंड. म्हणजे आईला न शिकवून मी वाचवलं काय?

आणि चौथं, जे कुणी मोठ्याने बोलत नाही: "या वयात त्यांना जमणार नाही."

इथे मला माझीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एसटीडी येण्याआधी ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघायचे दिवस आठवतात का? त्या काळात ती कानाला हेडफोन लावून दिव्यांच्या बोर्डसमोर बसायची आणि अख्ख्या गावाचे कॉल जोडायची. कितीतरी नंबर तोंडपाठ. तिला चार आकडे जमणार नाहीत, असं मी, तिच्या पोटच्या मुलीने, न विचारता ठरवलं होतं.

गंमत म्हणजे नंतर वाचलं, की १८७७ साली बोस्टनमध्ये सुरुवातीचा टेलिफोन स्विचबोर्ड चालला तोच मुळी एडविन होम्सच्या अलार्म कंपनीच्या ऑफिसात, अलार्मच्या तारा वापरून. म्हणजे आईचा बोर्ड आणि हा कीपॅड भाऊबंदच निघाले!

मग एका शनिवारी बसलो. आधी कंट्रोल रूमला फोन करून आमचं खातं 'टेस्ट'वर टाकून घेतलं. म्हणजे सायरन वाजतो, पण पोलीस येत नाहीत. हे फुकट होतं, पाच मिनिटांचं काम होतं आणि मला कधी सुचलं नव्हतं. मग आईला सांगितलं, दार उघड, वाजू दे. तीस सेकंद किती लांब असतात हे तिला आधी कळू दिलं. चष्मा शोधून, लावून, कोड दाबूनही दहा सेकंद उरतात! लावायला नंतर शिकवलं, आधी बंद करायला. मग सायरन पूर्ण वाजू दिला आणि तो चालू असताना कोड दाबून गप्प करायला लावला. तीनदा. तिसऱ्यांदा ती हसत होती.

"अगं, हे आमच्या बोर्डासारखंच आहे की. हिरवा म्हणजे लाइन मोकळी."

कंट्रोल रूमच्या यादीत तिचाही नंबर घातला आणि पासवर्ड बदलला. ते फोनवर विचारतात तो शब्द तिला घाबरलेल्या अवस्थेतही उच्चारता यायला हवा आणि पलीकडच्याला समजायला हवा. शब्द इथे सांगणार नाही, पण एका भाजीचं नाव आहे. शेवटी आगीचा आवाज ऐकवला. तो वेगळा असतो, तीन ठोके, मग थोडं थांबून पुन्हा तीन. तो ऐकू आला की कोड नाही, फोन नाही, पासपोर्ट तर मुळीच नाही. जे जवळ असेल ते दार उघडायचं आणि बाहेर. "आणि जोरात वाजलं तर?" "वाजू दे आई."

दुसऱ्या दिवसापासून तुळस सकाळी पाणी प्यायला लागली. आठवड्याभरात शेजारच्या गुजराती काकूंबरोबर कोपऱ्यापर्यंत चालणं सुरू झालं. मला ते काकूंकडून कळलं, आईने परवानगी मागितलीच नव्हती. मागावी असं तिला वाटलं नाही, याचाच मला जास्त आनंद झाला.

असो, फार लेक्चर झालं. ऑक्टोबरमध्ये आई परत गेली, नियमाप्रमाणे तिचा कोड मी काढून टाकला. पुन्हा येईल तेव्हा पहिल्या संध्याकाळी तोच परत घालणार, बॅगा उघडायच्या आधी.

मावशी, तू हे वाचशीलच. पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे डॅलसला जाशील तेव्हा त्याने "हात लावू नकोस" म्हटलं तर सरळ विचार, "मग माझा कोड कुठाय?" नाही दिला तर मला फोन कर. मी बघते त्याच्याकडे!