डोंगरातला पहिला रोजा

इंजिनीअरिंग प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना आमच्या वडाळ्यातले पालक एक गोष्ट हटकून करतात. यादीत डोंगरातल्या कॉलेजचं नाव दिसलं की ते खाली ढकलतात. मुलाने आजवर पाहिलेला डोंगर म्हणजे अँटॉप हिल, तो हिमाचलात मंडीला कसा राहणार? मुलगा मुस्लिम असेल तर आणखी एक प्रश्न असतो, तो हळू आवाजात विचारला जातो. सप्टेंबर 2024 मध्ये मंडी शहरात मशिदीच्या बांधकामावरून निघालेले मोर्चे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिले आहेत. ही भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावरचा आमचा घरगुती उपाय मला मान्य नाही. ‘जपून राहा, नाव फार सांगत बसू नको, रोजे गुपचूप ठेव,’ एवढं कानात सांगून आपण मुलाला गाडीत बसवतो.

गुपचूप रोजा म्हणजे काय, ते वसतिगृहात राहिलेल्यालाच विचारा. फेब्रुवारीची थंडी, पहाटे मेसला कुलूप, खोलीत किटली लावायला बंदी. सहरीला बिस्किटं आणि गार पाणी. संध्याकाळी मगरिबच्या वेळी जेवण तयार नसतं आणि जेवण वाढलं जातं तेव्हा तरावीहची घाई. खोलीतल्या मित्राला कारण माहीत नसतं, त्यामुळे पहाटेच्या गजरावरून त्याच्याशी कुरबुर होते ती वेगळीच.

वेळेचाही घोळ असतो. आयआयटी मंडी 2009 साली सुरू झाली. तिचा परिसर शहरापासून दूर, कमांदला, उहल नदीच्या काठी डोंगरांच्या बेचक्यात आहे. अशा ठिकाणी सूर्य कड्याआड लवकर जातो, अंगणात सावली पडते, पण मगरिब झालेली नसते. रोजा वेळापत्रक पाहूनच सोडावा लागतो, आणि ते वेळापत्रक वडाळ्याचं चालत नाही. मंडी मुंबईच्या पूर्वेला आणि बरीच उत्तरेला असल्याने फेब्रुवारीत तिथे सूर्यास्त जवळपास अर्धा तास आधी होतो. शेख मिस्री दर्ग्याच्या बाजूची अजान ऐकून अम्मी खजूर उचलते आणि मुलाला फोन लावते, तोवर त्याचा इफ्तार उरकलेला असतो! हे सगळं त्याला कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि ते तिथलाच माणूस सांगू शकतो. त्या माणसाला आधी कळायला तर हवं, की या मुलाचा रोजा आहे.

मंडीला ‘छोटी काशी’ म्हणतात. महाशिवरात्रीनंतर तिथे आठवडाभर मोठी जत्रा भरते, गावोगावच्या देवता पालख्यांतून शहरात येतात. यंदा महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला होती आणि पहिला रोजा 19 ला, म्हणजे जत्रा चालू असतानाच. गेल्या वर्षीही महाशिवरात्रीनंतर चार दिवसांनीच रमजान लागला होता. यात चमत्कार काही नाही. महाशिवरात्र अमावास्येच्या तोंडावर येते आणि रमजान अमावास्येनंतरची कोर दिसल्यावर सुरू होतो. पालखी म्हटलं की वडाळ्याच्या मुलाला कात्रक रोडवरचं विठ्ठल मंदिर आणि आषाढीची रांग आठवणारच. ती जत्रा त्याने लांबून का पाहावी? जावं, मित्रांबरोबर जावं, आणि सोबत खायचा आग्रह झाला तर ‘माझा रोजा आहे’ असं सरळ सांगावं. उपवास ठेवणाऱ्या घरातल्या मुलांना ‘रोजा’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मेसवाल्याला हिशेब कळतो. किती ताटं कमी होणार आणि किती डबे रात्रीच बांधून ठेवायचे, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून नावांची यादी करून वॉर्डनकडे लेखी अर्ज द्यावा, रमजानच्या पंधरा दिवस आधी. त्याच अर्जात नवरात्र, शिवरात्रीचे उपवास करणाऱ्यांचीही नावं घालावीत. ज्यांची मुलं रोजेदाराच्या शेजारच्या खाटेवर झोपतात, त्या हिंदू पालकांनीही आपल्या मुलांना या अर्जावर सही करायला सांगावं. मेसचे पैसे सगळेच भरतात, यात मेहेरबानी कुणाचीच नाही.

पुढच्या वर्षीचं गणित वेगळं आहे. मध्ये अधिक मास येत असल्याने महाशिवरात्र मार्चमध्ये, रमजानच्या अखेरच्या दिवसांत येईल. त्या दिवशी एकाच मेसमध्ये काहींचा रोजा असेल आणि काहींचा उपवास. रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल, तेव्हा अर्ज जानेवारीतच द्यायला हवा.