कब्रस्तानातलं गाजर गवत

शब-ए-बारात जवळ आली की आमच्या कब्रस्तानात साफसफाई सुरू होते. यंदा मीही विळा घेऊन गेलो. निम्म्या कबरी गाजर गवताखाली, आणि बहुतेक झाडं फुलून वाळलेली. आम्ही ती कापली, ओढत फाटकापर्यंत नेली, वाटभर बी सांडत गेलो. एका झाडाला हजारो बिया येतात. म्हणजे सफाई कसली, पेरणीच केली! दोन दिवस हातांची आग होत होती, ती वेगळीच.

हे गवत १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं. अमेरिकेहून आयात केलेल्या गव्हाबरोबर आलं, असं मानतात. म्हणून ‘परदेशी घुसखोर’ हे नाव त्याला लगेच चिकटतं. मला ते खटकतं. का, ते माझ्या वाचकांना सांगायला नको. मिरचीही त्याच मेक्सिकोकडची. तिच्याशिवाय ठेचा कुठला? या गवताची पानं फस्त करणारे भुंगेरेसुद्धा मेक्सिकोतूनच आणून १९८४ साली बंगळुरात सोडले. तक्रार करायची तर ती करा, की हे गवत शेजारी दुसरं काही वाढू देत नाही आणि माणसाला खाज, दमा देतं.

कमिटीला माझं म्हणणं एवढंच : शब-ए-बारात दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, पावसाळा सरकत नाही. सफाई जुलैत करा, फुलं येण्याआधी. हातमोजे घालून, मुळासकट. उपटलेलं खड्ड्यात कुजवा. पुन्हा उगवेल, तेव्हा पाऊस संपेपर्यंत दर तीन आठवड्यांनी एक फेरी. मी येतो.